बिनखुनाचं पुस्तक आणि नागोरावचा मेंढा

मानवत

माझी शाळा तीन यत्ता, आणि त्याही उर्दूत, कारण तेव्हा आमच्या भागात निजामाचं राज्य होतं. मराठी अक्षरं मी मोंढ्यातल्या पोत्यांवरची नावं वाचून शिकलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझ्या चुका काढत बसायला नको. उभी हयात मानवतच्या मोंढ्यात ज्वारी, तूर, करडई मापण्यात गेली. लोक मला अजून मापारीच म्हणतात. पण आता माझ्या नावावर रहस्यकथांची पुस्तकं आहेत आणि ती परभणीच्या स्टँडवर विकत मिळतात. ज्याला खोटं वाटतं त्यानं जाऊन बघावं.

माझ्या पुस्तकांत खून होत नाही. नथ हरवते, बाजारात म्हैस बदलते, लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाचा फेटा गायब होतो. शोध लावते ती घरोघर बांगड्या भरत फिरणारी मन्यारीण चाची. पोलीस दारापर्यंत जातो, मन्यारीण चुलीपर्यंत जाते. बांगडी सांध्यावरून सरकेपर्यंत बाईचा हात तिच्या हातात असतो, आणि हात अडकलेला माणूस बोलल्याशिवाय राहत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

तर यंदा शिमग्याच्या आधी परभणीला गेलो, तेव्हा माझी पुस्तकं छापणारे छापखान्याचे मालक म्हणाले, "मापारी, आता खून पाहिजे. लोकांना बिनखुनाचं गोड लागंना झालंय."

मी म्हणालो, "मला खून लिहिता येत नाही. मी कधी बघितला नाही."

"मग ऱ्हाऊ द्या. एक कॉलेजातला पोरगा तयार हाय. चाचीचं नाव चाललेलं हाय, तेवढं मी त्याला देतो. पहिल्याच पानावर चाचीच्या पुढ्यात मुडदा आणून टाकतो म्हणतोय."

माझं डोकं फिरलं. ज्या बाईनं जन्मात कुणाच्या मनगटाला ओरखडा येऊ दिला नाही, तिच्या पुढ्यात मुडदा? मी म्हणालो, "पाडव्याच्या आत असा बिनखुनाचा मामला आणतो, की पुढचं पान तुम्ही स्वतः मागाल. नाही मागितलं तर चाची तुमची."

ते हसले आणि हो म्हणाले. माझी पुस्तकं मी घरबसल्या रचलेली नाहीत. मामला बाहेर असतो, आपण जाऊन घ्यायचा असतो. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "या वयात खोटं शोधायला गावोगाव हिंडणार का आता?" मी धोतराचं एक पान पिशवीत टाकलं आणि निघालो.

ताडकळस

ताडकळसला बाजारच्या दिवशी उतरावं. बाकीच्या दिवशी तिथं काय आहे मला माहीत नाही, आणि बाजारच्या दिवशी काय नाही ते सांगता येत नाही. चिंचेखाली मिरच्यांचे ढीग, पलीकडं बैल, मधे भज्यांची कढई. करडईच्या तेलातली भजी आमच्या मानवतलाही होतात, पण इथं कांद्याबरोबर ओवा घालतात. मी दोन वेळा घेतली.

बैलबाजारात अजून रुमालाखाली सौदा होतो. दोघे जण रुमालाखाली हात धरतात, बोटं दाबतात, तोंडानं मात्र पावसापाण्याचं बोलतात. आमच्या मोंढ्यात आता सगळा लिलाव ओरडून होतो. मला हे रुमालाचं जास्त आवडतं. त्या रुमालाकडं बघत किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक, शेवटी बैलवाला म्हणाला, "मामा, घ्यायचाय का बैल, का नुसता रुमाल?"

मी आलो होतो खातूनबीला भेटायला. माझ्या पुस्तकातली चाची ज्या बाईवरून घेतली ती ही. मानवतला आमच्या गल्लीत ती बांगड्या भरायला यायची, नंतर इकडं राहायला आली. बाजाराच्या टोकाला पोतं अंथरून बसली होती. केस पांढरे झालेत, आवाज तोच.

"क्या रे मापारी, जिता हाय का अजून?" बघताच म्हणाली. "माझ्यावर पुस्तकं लिहितोस म्हणे. नातसून वाचून दाखवती मला. मन्यारीण पाटलाच्या वाड्यात खुर्चीवर बसून बांगड्या भरायली! कधी बघितलं होतंस रे? खुर्चीवर बसून बाईचा हात मांडीवर घेता येतो का?"

मी म्हणालो, "मान दिला तुला."

"मान नको, चहा पाज."

चहा पाजला. एका बाईचा हात धरून ती हिरव्या बांगड्या चढवत होती. एक कचकन गेली. ती तुटली असं कुणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात. सांध्याच्या अलीकडं वाढवली तर नुकसान मन्यारणीचं, सांधा ओलांडल्यावर वाढवली तर घेणारणीचं. बांगड्या भरून झाल्यावर त्या बाईनं वाकून खातूनबीला नमस्कार केला. भरून घेणारी हिंदू असो, बौद्ध असो, हा दस्तूर सगळीकडं सारखाच, मानवतला आणि ताडकळसला.

मी छापखान्याची सगळी हकीकत सांगितली. खातूनबीनं तुकडे फडक्यात गोळा केले आणि म्हणाली, "मुडदा न्हाई आवडणार मला. राणीसावरगावला लेक दिली हाय ना माझी, तिच्या गावाजवळच्या एका वस्तीवर लय मोठी चोरी झालीय. येतोस?"

"काय गेलं?"

"गेलं काहीच न्हाई. आलंय."

"काय आलं?"

"लेंड्या."

मला वाटलं ही माझी थट्टा करतेय. पण ती थट्टा करत नव्हती. एका माणसाच्या रानात कुणीतरी रात्रीतून मेंढरं बसवून गेलं होतं. खत फुकट मिळालं म्हणून रानमालक खूश व्हायला पाहिजे. तो मात्र काठी घेऊन उठला होता, आणि परवा चावडीवर पंच बसणार होते.

मी पुस्तकांत इतक्या चोऱ्या लिहिल्या, पण देऊन जाणारा चोर मला कधी सुचला नव्हता. मी लगेच निघालो.

गंगाखेड

गंगाखेडपर्यंत बांगड्यांची टोपली माझ्या मांडीवर होती. खातूनबी म्हणाली, तिला खड्डे सोसत नाहीत. ती म्हणजे टोपली. माझ्या गुडघ्यांचं तिनं विचारलं नाही.

स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा माझ्या मनात आलं, गोदावरी इतकी जवळ आहे तर पाय ओले करून यावं. कंडक्टर म्हणाला, "म्हाताऱ्या, गाडी थांबणार न्हाई." मी म्हणालो, "थांबेल." मी नदीवर गेलो. पाणी उतरलेलं, काठाला वाळूवर टरबुजांचे वेल. एका कोळणीनं टरबूज फोडून हातात दिलं, तिच्याशी बोलण्यात थोडा वेळ गेला. परत आलो तर गाडी उभी होती, पण ती माझ्यासाठी नव्हे. खातूनबीनं टोपली पायरीवर मांडून तिथंच एका बाईला बांगड्या भरायला घेतल्या होत्या, आणि अर्ध्या भरलेल्या हातावरून उठ म्हणायची हिंमत कंडक्टरला होत नव्हती. मला बघून तिनं शेवटची बांगडी सरकवली. कंडक्टर राणीसावरगावपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

वस्ती

वस्तीचं नाव लिहीत नाही. राणीसावरगावच्या लेकीकडं रात्र काढून सकाळी आम्ही चालत गेलो. माळरान, मधे काळी रानं, ज्वारी काढून झालेली, धसकटं उभी. ओढ्याच्या एका अंगाला मेंढरं पाळणाऱ्या नागोरावचं घर, आणि त्याच्यापुढंच दगडूबाचं रान. लेंड्या पडल्या त्या याच रानात.

दगडूबाचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, अंगण शेणानं सारवलेलं. माणूस माझ्याच वयाचा, पण ताठ. त्याची बायको सुभद्राबाई हिनं चहा आणला. मी कप तोंडाला लावला, तेव्हा तो माझ्याकडं बघत होता. मी सगळा पिईपर्यंत बघत राहिला. मग बोलायला लागला.

"मेंढरं बसवायचा दस्तूर तुमाला ठावं हाय ना? ज्याच्या रानात मेंढरं बसतील त्यानं धान्य द्यायचं आन् राखणाऱ्याला रातची भाकर द्यायची. नागोराव साऱ्यांच्या घरची भाकर खायचा. माझ्याकडून पीठ घ्यायचा. म्हणायचा, आमी आमचं करून खातो. लय वर्षं दिलं पीठ. मग एक दिस म्हटलं, नागोराव, माझी जमीन चालती, माझं पीठ चालतं, मग माझ्या बायकोच्या हाताला काय झालं?"

"मग तो काय म्हणाला?"

"मेंढरं उठवली आन् गेला. त्याला काही वर्षं झाली. मी बी सांगितलं, तुझी लेंडी माझ्या रानात नको. आता ह्यो रातचा चोरून खत टाकायलाय. उद्या म्हणंल, दगडूबानं फुकट खाल्लं. मी चावडीवर माफी मागायला लावणार हाय त्याला. पीठ न्हाई, भाकर न्हाई, आन् वर उपकार?"

आतून सुभद्राबाई म्हणाली, "चावडीवर गेलं की ते दोघांचं राहतं का? सारी वस्ती त्याची बाजू, आपली बाजू करत बसंल. पोरीसोरींनी एका पाणवठ्यावर जायचं हाय उद्या."

म्हणजे मामला लेंड्यांचा नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

मी रानात जाऊन बघितलं. लेंड्या बांधाला बांधाला विखुरलेल्या नव्हत्या, एकाच ठिकाणी, बाभळीच्या अंगाला, दाट पडलेल्या. म्हणजे मेंढरं चुकून चरायला शिरली नव्हती, बराच वेळ बसली होती. मी खातूनबीला सांगितलं, "हे नागोरावचंच काम. मुद्दाम डिवचायला केलं."

"तुझ्या पुस्तकात तसंच असतंय. जो पहिल्यांदा वाईट दिसतो त्योच."

"माझ्या पुस्तकात तसं कधीच नसतं," मी म्हणालो. हे खरं आहे.

मग नागोरावकडं गेलो. तो उंच, कानात बाळी, खांद्यावर घोंगडी. त्यानं आम्हाला दारातच ऐकवलं, "दगडूबानंच कळपाभोवतीची जाळी सोडून मेंढरं हाकून नेली. खत पाहिजे, भाकर द्यायची न्हाई. रातभर माझा कुत्रा भुंकला न्हाई, घंटा वाजली न्हाई. वळखीचा माणूस असल्याबिगर कुत्रा गप राहतो का?"

कुत्र्याचं मला पटलं. पण घंटेचं मनात अडकून राहिलं. त्याचा एक म्हातारा मेंढा सगळ्या कळपाच्या पुढं चालतो, आणि त्याच्या गळ्यातली घंटा ओढ्यापलीकडं ऐकू जाते असं सगळे सांगत होते. माणसानं मेंढा नेला काय आणि भुतानं नेला काय, घंटा वाजायलाच पाहिजे.

"त्या रात्री तू कुठं होतास?" मी विचारलं.

"घरात. नातवाची पाचवी होती. सटवाईची पूजा, सारे आत जागे. कळप घराशेजारीच बसवला होता."

खातूनबी तोवर आत गेली होती. बाळंतिणीला आणि घरच्या बायांना बांगड्या भरायच्या होत्या. मी बाहेर खाटेवर बसलो आणि नागोरावच्या बायकोनं, गिरजाबाईनं, मला खायला दिलं. मेंढीच्या दुधातल्या ज्वारीच्या कण्या. आमच्याकडं कण्या ताकातल्या असतात. हे दूध दाट, थोडं उग्र, वर गूळ. पहिला घास गिळायला जड गेला, नंतर मी वाटी मागून घेतली.

खातूनबी बाहेर आली ती डोळे मिचकावत. "गिरजाचा हात लय टणक. चार बांगड्यांना सारं बोलली. त्या दिशी तिनंच घंटेत लोकर कोंबली होती. पोरगं दचकून उठायचं म्हणून."

"अजून?"

"दुसऱ्या दिशी पहाटं उठली तर जाळीची एक खुटी निखळलेली आन् मेंढरं बाहेर उभी. रातच्याला राखायला तिचा भाऊ बसला होता, त्याला झोप लागलेली. नवरा त्याच्यावर तुटून पडंल म्हणून तिनं गुपचूप आत घातली, कुणाला बोलली न्हाई. तिला वाटलं, दारातल्या दारात उभी होती. पंचाचं ठरलं तवा तिला समजलं, मेंढरं रातच्याला दगडूबाच्या रानात बसून परत आली होती, पण आता भावाला चावडीवर उभं करायचं कसं?"

मी गिरजाबाईला जवळ बोलावून एवढंच विचारलं, "बाई, हा मेंढा किती जुना?"

"लय जुना. दात पडले त्याचे."

"भांडणाच्या आधीचा?"

"आधीचा की. शिमगा झाला की कळप घरी यायचा, आन् पहिली रात दगडूबाच्याच रानात, त्या बाभळीखाली. दरसाली. भांडण झाल्यापास्नं मालक ओढ्याच्या त्या अंगानं लांबून नेत्यात, दगडूबाच्या बांधावरून जायला नको म्हणून. यंदा पोराच्या पाचवीसाठी जवळच्या वाटेनं आणली." बोलता बोलता तिनं तोंडावर हात धरला. "अगं बाई!"

हे आधी मला समजलं. खातूनबी म्हणते तिला आधी समजलं. त्यावर आमचं अजून भांडण आहे.

दुपार कलल्यावर मी दोघांनाही निरोप दिला. चावडी उद्या, त्याआधी आज ऊन असताना चोर दाखवतो. दगडूबा आपल्या बांधावर येऊन उभा राहिला, नागोराव आपल्या. मधे वस्तीतली झाडून सारी माणसं. माझ्या पुस्तकात चाची अशा वेळी दोन पानं बोलते. मी फक्त म्हणालो, "नागोराव, घंटेतली लोकर काढ. मेंढा त्या दिवशीच्या वाटेवर सोड आणि कुणी हाकू नका."

लोकर निघाली. मेंढा थोडा वेळ उभा राहिला, खोकलला, मग चालायला लागला. घंटा वाजत होती. मागून एक मेंढी, मग चार, मग सगळा कळप. धुळीतून तो बांधापाशी आला, दगडूबाच्या पायाजवळून रानात शिरला, बाभळीखाली गेला, दोनदा गोल फिरला आणि पुढचे गुडघे मोडून बसला. कळप त्याच्याभोवती बसला. तो रवंथ करायला लागला.

कुणीतरी खुदकन हसलं. खातूनबी मोठ्यानं म्हणाली, "घ्या! त्याला कुणी सांगितलंच न्हाई की तुमचं भांडण झालंय म्हणून."

नागोराव मेहुण्याकडं वळला. गिरजाबाई मधे आली आणि म्हणाली, "त्याला बोलू नका. लोकर मी कोंबली." मेंढरं उठवायला म्हणून नागोरावनं काठी उचलली, तेव्हा दगडूबाचा आवाज आला.

"ऱ्हाऊ दे. बसलेली मेंढरं उठवायची न्हाईत. धान्य देतो. आन् आज रातची भाकर माझ्या घरची. पीठ न्हाई, नागोराव. भाकर."

फक्त घंटा मधूनमधून वाजत होती. सुभद्राबाई घरात गेली. थोड्या वेळानं भाकरी थापल्याचा आवाज बांधापर्यंत यायला लागला. नागोराव काठी हातात धरून उभा होता आणि सगळी वस्ती त्याच्याकडं बघत होती.

परभणी

पाडव्याच्या आधी मी छापखान्यात हाजिर झालो आणि मालकांना सगळं सांगितलं, ताडकळसपासून. मधे चहा आला, निवला. यंत्रावरचा माणूस यंत्र बंद करून दारात येऊन उभा राहिला. मेंढा बसला तिथं मालक मांडीवर थाप मारून हसले. पुढं दगडूबा बोलला, सुभद्राबाई आत गेली, भाकरीचा आवाज यायला लागला, आणि तिथं मी थांबलो. पिशवी उचलली.

"अहो मापारी," मालक म्हणाले, "खाल्ली का न्हाई त्यानं?"

मी म्हणालो, "खून नाही यात. तुमच्या गिऱ्हाइकांना गोड लागणार नाही."

"खून गेला उडत! खाल्ली का?"

"चाची कुणाची?"

"तुमचीच. बसा खाली."

"पुस्तक छापा, मग कळेल," असं म्हणून मी घरी आलो. गावं, नावं आणि जनावर बदलून ते आता छापायला गेलं आहे. मालकांचे दोन निरोप आले, शेवटचं पान पाठवा म्हणून. सावकाश पाठवीन.

तुम्हाला मात्र सांगतो, कारण तुम्ही इथवर माझ्याबरोबर चालत आलात.

सुभद्राबाईनं थाळी आणून बांधावर ठेवली. दोन भाकरी, पिठलं, लाल मिरचीचा ठेचा. ठेवून ती परत गेली, पण दाराआड उभी होती, तिच्या लुगड्याचा काठ दिसत होता. नागोराव थाळीकडं बघत राहिला. मग त्यानं काठी खाली ठेवली, तांब्यातलं पाणी हातावर घेतलं आणि मांडी घालून बसला. भाकरीचा कोपरा मोडला, ठेच्यात बुडवला, तोंडात घातला. चावायला त्यानं लय वेळ लावला. दगडूबा दुसरीकडं, मेंढरांकडं बघत होता.

घास गिळून नागोराव म्हणाला, "ठेच्यात मीठ कमी हाय."

दाराआडून सुभद्राबाई म्हणाली, "उद्या जास्त घालते."